सहा जादा खुर्च्या

अर्ब्रोथच्या बंदराजवळ, धुलाईच्या दुकानावरची खोली.
खाली यंत्रं गरगरतात, वर आम्ही.
मंगळवार, संध्याकाळचे सात. एकेचाळीस वर्षं झाली.
हजेरीची वही माझ्याकडे असते. तिच्यात
आधी चौतीस सह्या असायच्या, मग एकोणीस,
आता सात. त्यातली डगलची मीच करते,
त्याला हल्ली रेघ दिसत नाही.

'थिसल' परत येतेय म्हणाले. नवं यान, नवी कप्तान,
नवं संगीत, जे मर्डोला आवडलं नाही, ऐकण्याआधीच.
निर्माते म्हणाले, ही मालिका नव्यांसाठी आहे,
मागचं काही ठाऊक असायची गरज नाही.
ते जिव्हारी लागलं.
मागचं म्हणजे आम्हीच की.

तरी मर्डो स्पिंकने तळघरातून सहा खुर्च्या वर आणल्या,
पुसल्या, आणि गुडघा धरून सातवीवर बसला.
एफीने धुरावलेला हॅडॉक भरून पाव केले, मोजून तेरा.
फळ्यावर लिहिलं, 'नव्यांचं स्वागत'.
आणि खाली, राहवलं नाही म्हणून,
एकवीस पर्वांची वंशावळ, बाणांसकट.

सात वाजून दहा.
सात वाजून वीस.
सहा खुर्च्या रुसलेल्या व्याह्यांसारख्या
भिंतीला पाठ लावून बसलेल्या.

साडेसातला दार ढकलून एक मुलगी आली.
"खाली फार गारठा आहे. कपडे वाळेपर्यंत बसू?"
नाव दैवा. लिथुआनियाची.
मासे धुरावतात त्या शेडमध्ये कामाला,
बाहीला ओकच्या लाकडाचा वास.
सगळ्यात दाराजवळची खुर्ची तिने घेतली.

पडद्यावर तेच दार होतं, तिसऱ्या डेकवरचं,
आणि म्हातारा अभियंता त्याला कपाळ टेकून उभा.
आम्ही सातही जण रडत होतो.
तिने विचारलं, "दारामागे कोण आहे?"

झालं.
डगल म्हणाला, त्याचं असं आहे, तिसऱ्या पर्वात...
मर्डो म्हणाला, तिसऱ्या नव्हे, दुसऱ्याच्या शेवटी...
कुणी जुळ्या चंद्रांचा तह काढला,
कुणी कप्तानाची पहिली बायको,
जी पुढे तिचीच नक्कल निघाली.
मी वही उघडली, तारीख शोधायला.
एफी कडाडली, "पुराणातली वांगी पुराणात!
पोरीला बघू द्या."

तिने पाहिलं. पाव खाल्ला. बोटं चाटली.
मग म्हणाली, "मागे कुणीच नाही.
त्याला इथून जायचं नाहीये, म्हणून दार धरलंय त्याने.
माझे आजोबा असेच उभे होते,
घर विकलं त्या दिवशी."

चूक होतं ते, अर्थात.
दारामागे त्याचा भाऊ आहे.
पूर्वी सात भाग खर्चून हे स्पष्ट केलंय.
पण मर्डोने तिला दुरुस्त केलं नाही,
आणि मर्डो चर्चमधल्या पाद्र्यालाही दुरुस्त करतो.

मला टीव्ही भाड्याने देणाऱ्या दुकानाची काच आठवली.
मी नऊ वर्षांची, आई आत हप्ता भरत होती.
आवाज ऐकू येत नव्हता. एक निळ्या चेहऱ्याची बाई
कुणाला तरी हात हलवत होती, हलवतच होती.
कुणाला, ते कळायला
पुढे अकरा वर्षं लागली.
मीही मधूनच आले होते.

खाली यंत्राची घंटा वाजली. ती उठली.
वही पुढे केली तर म्हणाली, पेन्सिल आहे का?
फिकट अक्षर, ओळीच्या किंचित वर.

पुढच्या मंगळवारी आली नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
डंडीच्या शाखेने पत्र पाठवून विचारलंय,
तुमच्याकडे नवे लोक येताहेत का?
उत्तर लिहायचं राहिलंय.

खुर्च्या तळघरात न्यायला मर्डो तयार नाही,
गुडघ्याचं कारण सांगतो.
आणि आज सव्वासातला, ऐन भाग रंगात आलेला असताना,
एफीकडून चिल्लर मागून जिना उतरून गेला,
काखेत खोलीचे पडदे,
जे त्याने परवाच धुतले होते.